एक हात राहिलाय

कशाहीबद्दल मत देण्याआधी शेजारचे काका त्यावर उलटा हात फिरवायचे. आमच्या नव्या दारावर, माझ्या स्कूटरच्या मडगार्डवर, एकदा तर भाजीवाल्या मावशींच्या दुधी भोपळ्यावरही. "तळहात निबर होतो हो. खडबड उलट्या हाताला कळते."

मावशी म्हणाल्या, "काका, घ्यायचा तर घ्या, कुरवाळू नका."

असे एक काका तुमच्याही कॉलनीत असतील. आमच्या काकांच्या पार्किंगमध्ये विमान होतं, एवढाच फरक.

ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबचं कापडी पंखांचं जुनं विमान भंगारातून आणलं. उडवायचं नव्हतं, पूर्वी होतं तसं करायचं होतं. पंखांवर ताणलेलं कापड काकूंनी आतल्या लाकडी बरगड्यांना शिवलं. टाक्यांच्या खुणाही त्यांनीच पेन्सिलने केल्या. त्यावर काकांनी ब्रशने पारदर्शक लेप दिले. मग काकू आजारी पडल्या आणि गेल्या.

त्यानंतर "काका, कधी उडणार?" म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "एक हात राहिलाय."

हा शेवटचा हात पिवळ्या रंगाचा. तो ब्रशने दिला तर रेघा उठतात, म्हणून स्प्रे गन हवी, आणि ती पेन्शनीत बसणारी हवी. मला आकड्यांची खोड, म्हणून गन बघायला ते मला बरोबर न्यायचे.

भद्रकालीतला दुकानदार द्राक्षबागांच्या पिंपळगावकडचा. त्याने विचारलं, "बाग केवढी हाय, काका?"

"बाग नाही. विमान आहे."

"मंग फवारणी वरूनच करा की!"

काका हसले, पण गन घेतली नाही. तिला जेवढी हवा लागायची, तिच्या निम्मीही त्यांचा छोटा कॉम्प्रेसर देत नव्हता. हे गणित माझंच होतं. पुढच्या दुकानातल्या गनचं नॉझल फार मोठं निघालं. तिसरीचा रंगाचा कप हलतो, असं काका म्हणाले. मला तो हलताना दिसला नाही. असं वर्ष गेलं.

शेवटी सातपूरला एक मिळाली. स्वस्त, कमी हवेवर चालणारी, नॉझल एक पूर्णांक चार मिलिमीटर. घरी येऊन काकांनी तिच्यात पाणी भरून पुठ्ठ्यावर मारून पाहिलं. ओल सगळीकडे सारखी बसली, कडेला एक थेंब नाही. मी खूश झालो. काकांनी गन पुसली आणि खोक्यात ठेवली.

"उद्या परत करून येऊ."

"का? सगळं तर जुळतंय!"

ते मला डाव्या पंखापाशी घेऊन गेले. पारदर्शक लेपाखाली, दोन टाक्यांच्या मध्ये, बारीक अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं: 'इथे घट्ट धरा.'

"मी पलीकडून कापड ढिलं धरतो म्हणायची," काका म्हणाले. "पिवळ्याखाली हे दिसणार नाही."

मी म्हणालो, "गन राहू द्या तुमच्याकडे. परत नका करू."

"बघू."

पुढे एका दुपारी त्यांच्याकडून कॉम्प्रेसरचा आवाज आला, मग थिनरचा वास. फाटक आतून बंद होतं. त्यांनी मला हाक मारली नाही, मीही बेल वाजवली नाही. त्या थंडीत काका झोपेतच गेले. मुलगी परदेशातून आली, विमान एका कॉलेजला द्यायचं ठरवून परत गेली. चावी माझ्याकडे राहिली.

कॉलेजची माणसं टेम्पो घेऊन आली, तेव्हा मी फाटक उघडलं. विमान पिवळंधमक होतं. मी पंखावर उलटा हात फिरवला. कुठेही खडबड नव्हती.

"साहेब," पलीकडून एकजण म्हणाला, "इथं हातभर जागा रंगवायची राहिली बघा."

मी जाऊन पाहिलं. चारी बाजूंना चिकटपट्टी लावून राखलेली सरळ चौकट होती, आणि आत ते पेन्सिलचं अक्षर.

"डबा हाय इथंच. मारून टाकू का?"

"नको," मी म्हणालो. "उचला आता. पण तिथे घट्ट धरा."