दादाची फुरसत

दादाला काही विचारलं की उत्तर दुसऱ्या दिवशी मिळायचं. शनिवारी विचारावं, "उद्या जेवायला येतोस ना?" तर रविवारी आमची जेवणं उरकल्यावर हा बेल वाजवून सांगे, "येतो." वर पुन्हा, "विचार न करता बोलायची मला सवय नाही." समोर उभा असलेला माणूस विचार करत असेल तर चिडायचं तरी कसं? तरी मी चिडायचो.

दादा माझा थोरला भाऊ. चंदनसारला एकाच मजल्यावर आमची दारं समोरासमोर. मुंबईतल्या नोकरीत त्याने उभी हयात पळण्यात घालवली आणि निवृत्त झाला त्या दिवशी मनगटावरचं घड्याळ काढून कपाटात टाकलं. "आता घाई करून कोणाचं भलं करायचंय?" असं म्हणाला आणि खरोखरच घाई सोडली. मोबाइल लग्न झालेल्या लेकीला देऊन टाकला. सकाळी गॅलरीत बसून चहा गार होईपर्यंत प्यायचा. एका वेळी एकच काम, हा त्याचा नियम. पेपर वाचताना दारावर कुरियरवाला आला तर उठायचं वहिनीने.

इमारतीखाली भाजीची गाडी उभी असताना हा सायकल काढून रेल्वेलाइन ओलांडून पार पश्चिमेला गास गावी जायचा. तिथल्या एका वाडीवाल्याशी त्याची दोस्ती होती. निघताना "ताजी भाजी आणतो" म्हणून जायचा आणि दुपारी, सगळ्यांची जेवणं झाल्यावर, मेथीच्या दोन जुड्या घेऊन परतायचा. तोवर वहिनीने खालच्या गाडीवरची भाजी घेऊन स्वयंपाक केलेला असे. संध्याकाळी त्या जुड्या निवडायलाही तीच बसे.

इमारतीतली तरुण मुलं त्याच्यावर फिदा होती. "काका, तुमची लाइफ एकदम सही आहे," असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरायचं. विजेचं बिल, सिलिंडर, बँक, सगळं वहिनीच्या अंगावर. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पाणी. आमच्याकडे पिण्याचं पाणी एक दिवसाआड पहाटे येतं आणि कधी जाईल याचा नेम नसतो. वहिनी अंधारात उठून कळशा, हंडे, पिंप भरायची. पाणी यायचं नसलं तरी तिला त्या वेळेला जाग यायचीच. गुडघे धरून ती स्वयंपाकघरात उभी, आणि दादा शांत घोरतोय.

एकदा मी त्याला तोंडावर सांगितलं, "दादा, तुझी फुरसत वहिनीच्या धावपळीवर चाललीय."

त्याने मान हलवली. उत्तर बऱ्याच दिवसांनी मिळालं. "तू म्हणतोस ते खरं आहे. आता पाणी मी भरणार."

आणि त्याने भरलं. आधी हंडा चिंचेने घासला, मग धुतलेलं फडकं नीट चौघडी करून तोंडाला बांधलं, मग नळ सोडला. दुसरा हंडा घासून होईपर्यंत पाणी गेलं. "व्हा बाजूला, तुमच्याच्याने नाही व्हायचं," म्हणत वहिनी रडकुंडीला आली. वर मलाच बोलली, "भाऊजी, तुम्ही यांना कशाला सांगायला गेलात?"

पुढच्याच महिन्यात दादाने फ्लॅटला कुलूप लावलं आणि वहिनीला घेऊन गासच्या त्याच वाडीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मी खूप भांडलो. या वयात नवीन जागा, मोबाइल नाही, रात्री-अपरात्री काही झालं तर? या वेळी मात्र त्याने तिथल्या तिथे उत्तर दिलं. "इथे मी कितीही थांबलो तरी ती थांबणार नाही. पाणी तिला थांबू देत नाही."

गासला वाडीत विहीर होती. तरी वहिनी पहाटे हंडा घेऊन काठावर हजर. घरमालकीण हसायची, "बाय, विहिरीचं पानी कुठं पळून नाय जात."  दादाही त्या वेळेला उठायला लागला. दोघांचा चहा करून आणायचा आणि उजाडेपर्यंत तिच्याशेजारी बसायचा. असे कितीतरी महिने.

मग एका सकाळी तो सायकल मारत आला आणि आमच्या दारात उभा राहिला. मी ऑफिसला निघण्याच्या गडबडीत, बुटाची नाडी बांधत होतो.

"आज ती उजाडल्यावर उठली," तो म्हणाला.

"हे सांगायला एवढ्या लांब आलास?"

"हो," म्हणाला आणि जिना उतरला.

गेल्या वर्षी दादा गेला. दुपारी खाटेवर आडवा झाला तो उठलाच नाही. निवृत्तीनंतर एवढी एक गोष्ट त्याने घाईने केली, तीही कोणाला न विचारता. दिवसकार्य उरकल्यावर मी वहिनीला म्हटलं, "आता चला घरी. समोरासमोर राहू."

"नको भाऊजी," ती म्हणाली. "तिथे आले की पुन्हा कान नळाकडे लागतील. यांनी किती महिने घालवले माझी ती सवय मोडायला."

मी एकटाच परत आलो. दुसऱ्या दिवशी पाणी यायचं होतं. नेहमीसारखी मला अंधारातच जाग आली. वहिनीसाठी दादाकडे वेळच वेळ होता. मलाही कोणीतरी थांबवायला हवं होतं रे दादा, असं मनात आलं आणि त्याचा इतका राग आला की डोळे भरून आले.