द्राक्षाचे मणी आणि आमची नीतिमत्ता समिती

मणी मीच तोडले होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही उगाच चोर शोधत बसाल. गंमत अशी, की ती चोरी शोधायला जी समिती नेमली तिची अध्यक्ष मीच होते आणि त्या समितीचे नियमही माझ्याच हातचे होते.

आमचा ज्येष्ठ नागरिकांचा संघ नाशिकला कॉलनीच्या बागेशेजारच्या एका खोलीत भरतो. सकाळचं फिरणं झालं की तिथे चहा, चिवडा आणि देशाचा कारभार. मी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे देशाच्या कारभारात शेवटचा शब्द माझा, असं मी धरूनच चालते. बाकीचे तसं धरत नाहीत, पण माझा आवाज मोठा आहे.

मध्यंतरी बातम्यांत रोज यायचं, की संसदेत कुणा सदस्याविरुद्ध तक्रार आली आणि ती नीतिमत्ता समितीकडे गेली. समितीत कोण? तर तेही खासदारच. यावरून आमच्याकडे कपबशा आपटेपर्यंत वाद झाला. आमचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "बाई, आपलेच दात, आपलेच ओठ. कोण कुणाला चावणार?" मी म्हटलं, घर आपलं तर केरही आपणच काढायचा, त्यासाठी कुणी शेजारणीला बोलावतं का? नियम चोख असले तर घरचा माणूसही घरच्याचा न्याय करू शकतो.

"मग करा की आपल्या संघासाठी नियम," अध्यक्ष म्हणाले. ते चेष्टेत बोलले होते. मी घरी जाऊन चार पानं लिहून काढली.

संसदेत जसं चालतं तसंच आपल्याकडे, असा माझा हट्ट. तक्रार लेखी, सहीनिशी आणि पुराव्यासह हवी. नुसत्या ऐकीव गोष्टीवर किंवा पेपरातल्या बातमीवर तक्रार चालणार नाही. बाहेरच्या माणसाला तक्रार करायची असेल तर ती कुणातरी सभासदामार्फत यायला हवी. ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं दार बंद करून ऐकून घ्यायचं. समितीने फक्त शिफारस करायची, निर्णय सभागृहाचा. आणि नियम सातवा, ज्याचा प्रकरणाशी संबंध आहे त्याने समितीत बसायचं नाही. हा सातवा नियम लिहिताना मी त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. संघाने नियम टाळ्या वाजवून मंजूर केले आणि आता एखादी तक्रार यावी म्हणून सगळे वाट बघायला लागले.

फेब्रुवारीत आमची सहल दिंडोरीकडे, अध्यक्षांच्या भाच्याच्या द्राक्षबागेत गेली. आमच्या सहली भाऊ काढतात. भाऊ म्हणजे निवृत्त पोस्टमन. त्यांची बायको गेली आणि त्यानंतर दोन वर्षं ते कुणाशी धड बोलत नव्हते. मग कुणीतरी त्यांच्या हातात सहलीची वही दिली, आणि माणूस पुन्हा हसायला लागला. कुणाला बस लागते, कुणाला खिडकी हवी, कुणाची गोळी किती वाजता, सगळं त्या वहीत. सहलीत ते कायम सगळ्यांच्या मागून चालतात, बोटाने डोकी मोजत.

भाच्याने आधीच सांगितलं होतं, "मावशी, टोपल्यात काढून ठेवलीत, लय हायेत, पोटभर खा. झाडावरच्या घडाला तेवढा हात नका लावू. तो माल बाहेरदेशी जायाचाय."

हात लावू नका म्हटलं की माझा हात शिवशिवतो. शाळेत असताना मुलांचा हाच गुण मी त्यांना उभं करून काढत असे. टोपलीतली द्राक्षं गोडच होती, पण वेलीवरच्या घडांचा डौलच वेगळा. मी जरा मागे रेंगाळले आणि एक मणी तोडला. मग मनात आलं, एकाच घडातून सगळे घेतले तर त्या घडावर अन्याय. म्हणून पुढच्या घडातून एक, त्याच्या पुढच्यातून एक, अशी समान वाटणी करत गेले. सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

आठवड्याने भाच्याचा मामाला फोन आला. अध्यक्षांनी तो आम्हाला ऐकवला. "मामा, अख्खा घड नेला असता तरी काय वाटलं नसतं. पण घडातला मधलाच मणी काढला की भोक पडतं, न् बोट लागलं की बाकीच्या मण्यांवरची पांढरी भुकटी पुसून जाते. असला घड पेटीत घेत नाय. रांगेतले पाच-सहा घड तसे बाजूला काढावे लागले. राग नाय, पुढच्या टायमाला फक्त सांगून ठेवा."

एक घड खाल्ला असता तर एकच गेला असता. माझ्या न्यायबुद्धीने सगळे नासवले होते.

भाच्याची तक्रार खरं तर एवढीच होती. पण आमच्या सभासदांच्या अंगात संसद शिरलेली. अध्यक्षांनी भाच्याकडून लेखी मागवलं. त्याने हसत हसत कागदावर चार ओळी लिहून सही केली आणि फोटो पाठवला. अध्यक्षांनी तो सभासद या नात्याने पुढे केला आणि समिती नेमली. मी, एक निवृत्त नर्स, ज्यांना आम्ही सिस्टर म्हणतो, आणि एक काका, ज्यांना ऐकू कमी येतं आणि म्हणून जे सर्वांत निःपक्षपाती मानले जातात. मी तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. पण का नाही, असं कुणी विचारलं असतं तर? तोंडातून "बरं" निघून गेलं.

समिती दार बंद करून बसली. सिस्टरनी सरळच विचारलं, बागेत सगळ्यांत मागे कोण होतं? भाऊ. झालं. भाऊंना बोलावलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"मी नाही तोडले," ते म्हणाले.

"मग कोणी तोडले? मागे तर तुम्हीच होतात," सिस्टर म्हणाल्या.

"मी माणसं मोजत होतो."

त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र चिवड्यातले शेंगदाणे निवडत बसले होते, जणू प्रकरण शेंगदाण्यांचंच होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते माझ्या घशाशी आलेलं. आणि तरीही मी बोलले नाही. तीस वर्षं खडूने फळ्यावर लिहिलेलं 'प्रामाणिकपणा' त्या पाच मिनिटांत मला उच्चारता येईना.

शिफारस ठरली ती अशी, की वर्षभर सहलीची जबाबदारी भाऊंकडून काढून घ्यावी. भाऊंनी मान हलवली, पिशवीतून वही काढली, टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले. वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या सहलीची तयारी होती. हरसूलचा आठवडे बाजार. बसच्या वेळा, कुणाकुणाला पायऱ्या चढवत नाहीत त्यांची यादी. ते पान बघितलं आणि मला माझाच भयंकर राग आला. हा माणूस पुन्हा घरात बसून गप्प होणार होता, आणि तो मी गप्प बसल्यामुळे.

रविवारी सकाळी सभागृह भरलं, म्हणजे आम्ही चाळीस जण त्या खोलीत दाटीवाटीने बसलो. अहवाल वाचायला मी उभी राहिले. पहिली ओळ वाचली आणि कागद घडी करून ठेवला.

"हा अहवाल रद्द समजा," मी म्हटलं. "नियम सातवा मीच मोडलाय. मणी मी तोडले. एका घडातून एक, असे सहा घडांतून सहा. भाऊंचा काही संबंध नाही. मला त्याच दिवशी बोलायला हवं होतं, मी भ्यायले."

सिस्टर तोंडाला पदर लावून बसल्या. काकांनी शेजाऱ्याला मोठ्याने विचारलं, "काय म्हणाल्या बाई? पास झालं का?"

तेवढ्यात मागच्या रांगेतून भाऊ उठले. "दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "सहा नाही, सात. पहिल्या पाच घडांतून एकेक. सहाव्यातून बाईंनी दोन घेतले."

मग असा हशा पिकला, की बाहेर बागेत व्यायाम करणारे लोक खिडकीशी येऊन बघायला लागले. अध्यक्ष डोळे पुसत होते. मीही हसत होते आणि हसता हसता रडत होते. सहावा घड खरंच फार सुंदर होता हो, काय करणार!

सभागृहाने मला ताकीद दिली. अध्यक्षांनी अगदी लोकसभेच्या थाटात विचारलं, अनुकूल असणाऱ्यांनी 'होय' म्हणावे. सगळ्यांत मोठा 'होय' माझा होता. शिवाय मी स्वतः दिंडोरीला जाऊन माफी मागायची असं ठरलं, आणि ती मी त्याच आठवड्यात मागितली. भाचा म्हणाला, "बाई, एवढ्यासाठी आल्या व्हय?" आणि जबरदस्तीने पिशवी भरून द्राक्षं दिली.

पण ते नंतरचं. त्या रविवारी सभा संपल्यावर मी वही घेऊन भाऊंच्या मागे रस्त्यावर गेले. "तुम्ही पाहिलं होतंत. मग समितीत का नाही सांगितलं?"

"पुरावा लागतो ना, बाई. तुमचाच नियम. माझ्याकडे नुसते डोळे होते."

"चेष्टा नको, भाऊ."

ते थांबले. "तुम्ही आज बोलला नसता, तरी मी बोललो नसतो. पण सहल पुन्हा नेली नसती. सगळ्यांच्या मागून चालायचं, तर पुढच्यांवर भरवसा लागतो."

मी वही पुढे केली. त्यांनी ती घेतली, शर्टाच्या खिशातलं पेन काढलं आणि हरसूलच्या यादीत माझं नाव लिहिलं. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"येणार ना?" त्यांनी विचारलं.

"येणार."

"मग एक सांगून ठेवतो. तिकडच्या बाया रानातली करवंदं घेऊन बसतात. चव बघायची तर आधी विचारायचं, आणि एकाच टोपलीतलं घ्यायचं."