बाबांनी निवडलेले निळे स्विच

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, तेही आढेवेढे घेत — कारण सरळ सांगायला गेलं की फारच क्षुल्लक वाटतं. कीबोर्डचे स्विच बदलले, एवढंच तर. त्याची कसली कबुली द्यायची?

पण ऐका.

बाबांनी सगळी हयात इथे हिंदी मुलखात, आमच्या स्नेहलतागंज मोहल्ल्यात टायपिंग शिकवण्यात घालवली. काचबिंदूने नजर अधू झाली, तेव्हा मी हौसेने त्यांच्यासाठी एक मेकॅनिकल कीबोर्ड जुळवला. प्रत्येक बटणाखाली सुटा स्विच, दाबला की खट्. बाबा त्या आवाजावरच टाइप करायचे. खट् झालं की अक्षर पडलं, बोट उचलायचं — स्क्रीन दिसो न दिसो. लोकांचे पेन्शनचे, बिजलीच्या बिलाचे अर्ज ते असेच करून द्यायचे. दुपारी हॉलमध्ये दोन-चार माणसं बसलेली असत आणि बाबा खुशीत असत.

माझं ऑफिसही त्याच हॉलमधून चालतं. एकदा ऑनलाइन मीटिंगमध्ये ती खट्खट् ऐकून साहेब म्हणाले, "भिया, घर में पॉपकॉर्न फूट रहे हैं क्या?" सगळे हसले. मीही हसलो. पण लाज वाटली — कोणाची? बाबांची. हे सांगतानाही जड जातंय.

पुढे काही स्विच बिघडले. एकदा दाबलं की अक्षर दोनदा पडायचं. सगळेच बदलायचे ठरले, म्हणून मी नमुन्याची पट्टी मागवली — नऊ स्विच, नऊ तऱ्हा. बाबांनी डोळे मिटून एकेक दाबून पाहिला, परत परत पाहिला, आणि निळ्यावर बोट ठेवलं. "हा घे. हा बोलतो."

मी मागवले ते बिनआवाजाचे. बाबांना सांगितलं, निळे आता बनतच नाहीत. खोटं — साफ खोटं. दुकानाच्या पानावर ते माझ्यासमोर दिसत होते, चार दिवसांत घरपोच. बाबा म्हणाले, "जाऊ दे ना रे, जो मिलेगा वो चलेगा."

नव्या स्विचवर बोट कधी उचलायचं तेच त्यांना कळेना. बटण अर्धवट दाबलं जाई, अक्षर गळे. मला दिसत होतं का? रोज दिसत होतं. उद्या सांगू, उद्या सांगू — असं करत दिवस काढले. माझ्या मीटिंगा मात्र शांततेत होत होत्या, आणि ते मला आवडत होतं.

मग देपालपूरच्या एका बाईंचा अर्ज परत आला. नवरा वारलेला, आणि त्याच्याच नावातलं अक्षर गळलेलं. भर उन्हात बसने पुन्हा आल्या बिचाऱ्या. बाबांनी त्यांच्यापुढे हात जोडले. "माफ करना बहनजी, मेरी उँगलियाँ अब गईं." मी चार हातांवर बसलो होतो. उठून सांगायला किती वेळ लागला असता — की बोटं ठीक आहेत, गुन्हा माझा आहे?

मी काय केलं? बाई गेल्यावर बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "वयानुसार व्हायचंच, बाबा."

त्या दिवसापासून त्यांनी टाइप करणं सोडलं. चिमट्याने स्विच उपटून निळे बसवायला मला अर्धा तास पुरला असता. बसवले नाहीत. बसवले असते तर खोटं उघडं पडलं असतं — म्हणून बाबांची बोटं गेली हेच मी घरात चालू दिलं.

आता कोणी अर्ज घेऊन आलं की बाबा मजकूर सांगतात आणि मी त्याच कीबोर्डवर टाइप करतो. ते माझ्या हातांकडे कान देऊन बसतात. काहीच ऐकू येत नाही. मग दर ओळीनंतर विचारतात, "उमटलं का रे?"

मी हो म्हणतो.