पेसी

सहामाही परीक्षेत माझ्या मुलीला सायन्समध्ये ऐंशीपैकी सहा आणि सोशलमध्ये, म्हणजे इतिहास-भूगोलात, नऊ गुण मिळाले. बाकीच्या तीन विषयांत ती पास होती. वर्गशिक्षिकेनं मला बोलावून दोन्ही उत्तरपत्रिका समोर ठेवल्या. मी पानं मोजली. सायन्सची सोळा, त्यांतली तेरा कोरी. सोशलची सोळा, त्यांतली अकरा कोरी.

"चुकीचं लिहिलं असतं तरी काहीतरी दिलं असतं, सर," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "कोऱ्या पानाला मी काय देऊ?"

मग त्यांनी शाळेचा नियम सांगितला. नववीच्या वार्षिक परीक्षेत एक विषय गेला तर फेरपरीक्षा मिळते, दोन विषय गेले तर मूल त्याच वर्गात बसतं. पास व्हायला ऐंशीपैकी सत्तावीस. "तुमच्या घरची परिस्थिती आम्हाला ठाऊक आहे, पण..." त्या थांबल्या. मी म्हटलं, नियम बरोबर आहे. त्या दिवसांत मला बऱ्यावाईटाचं काही वाटत नसे, पण नियम सांगितला की समजत असे.

घरची परिस्थिती एवढीच की ऑक्टोबरात माझी बायको गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, सहाव्या दिवशी गेली. शेवटचे चार दिवस घशात नळी होती, म्हणून बोलणं झालं नाही. त्याआधी ती माझ्याशी शेवटचं बोलली ते गॅसबद्दल. नवा सिलिंडर लावला आहे, रिकामा मागच्या दाराशी ठेवला आहे, माणूस आला की द्या. मी दिला. अस्थी तिरुवैयारुच्या घाटावर कावेरीत सोडल्या. त्यानंतर मी कामावर गेलो आणि मुलगी शाळेत गेली.

मी ओरत्तनाडुला शेतीखात्याच्या कार्यालयात असतो. पेरणीचे आणि पावसाचे तक्ते करणं हे माझं काम. सकाळी सव्वाआठची बस, संध्याकाळी साडेपाचची. त्या तीन महिन्यांत माझ्या तक्त्यांत एकही चूक निघाली नाही. साहेबांनी तसं बोलूनही दाखवलं. घरात एका मंगळवारी दिवसभरात किती शब्द बोलले जातात ते मी मोजले. दोघांचे मिळून एकतीस. त्यांत अकरा वेळा 'सरी' होतं, म्हणजे बरं.

उजळणी बायको घेत असे. आता ती मला घ्यायची होती. वार्षिक परीक्षेला बासष्ट दिवस होते. सायन्सचे आणि सोशलचे धडे मोजून मी त्यांची दिवसांवर वाटणी केली, तक्ता आखला आणि फ्रिजवर लावला. रोज पहाटे साडेपाच ते सात. आधी धडा वाचायचा, मग मी पाच प्रश्न द्यायचे, तिनं उत्तरं लिहायची. पहिल्या दिवशी तिनं कागद परत दिला तेव्हा त्यावर फक्त प्रश्नांचे आकडे होते, एक ते पाच. सुंदर अक्षरात. दुसऱ्या दिवशीही तसंच. असे नऊ कागद झाले. मी ते फाइलला लावून ठेवले. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

दहाव्या दिवशी सेलचा धडा होता. सजीवांचं शरीर ज्या लहान लहान घटकांचं बनलेलं असतं ते सेल. बायकोच्या सवयीप्रमाणे तिच्या पेन्सिलीच्या सूचना पुस्तकांच्या समासात होत्याच. सोशलच्या पुस्तकात तर पानोपानी. 'दोनदा लिहून घे.' 'नकाशा काढून घे.' 'हे येणार, विचारून घे.' सगळ्या तमिळमध्ये, स्वतःसाठीच लिहिलेल्या. सेलच्या धड्यात मात्र पहिल्याच पानावर, इंग्रजीत छापलेल्या 'सेल' या शब्दाशेजारी, एकच शब्द होता: पेसी.

तमिळमध्ये पेसी म्हणजे 'बोलून'. तो अर्धवट शब्द आहे. नुसतं बोलून कोणी थांबत नाही, पुढे काहीतरी करावं लागतं, बोलून जायचं, बोलून घ्यायचं. ते पुढचं क्रियापद तिथं नव्हतं. आणि पुस्तकी तमिळमध्ये 'सेल' म्हणजे 'जा'. छापलेलं 'जा', त्याच्या शेजारी तिच्या हातचं 'बोलून'. मी पुस्तक मिटलं आणि मुलीला म्हटलं, आज कॉफी लवकर घेऊ.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे एव्हाना कळलं असेल. मला कळलं नाही. आम्ही तंजावूरचे मराठी. घरात मराठी बोलतो, पण आमच्यात देवनागरी फार थोड्यांना येते. मराठी चिठ्ठी लिहायची तरी तमिळ अक्षरांत लिहितो. हे लिहिण्यापुरती देवनागरी मी नंतर शिकलो. माझी मेहुणी पुण्यास दिलेली आहे, शुद्धलेखन तिनं तपासलं आहे.

त्या दिवशी ऑफिसातून आल्यावर मी सायन्सचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. सेलच्या धड्यापुढे तिची एकही खूण नव्हती. म्हणजे हा तिचा शेवटचा शब्द. बाकीच्या सगळ्या सूचना होत्या, तेव्हा हीही सूचनाच असणार: बोलून घे. लिहून नव्हे. मला ते पटलं. माझी बायको कारणाशिवाय काही लिहीत नसे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुलीला ते पान दाखवलं. "अम्मानं लिहिलंय. बोलून घ्यायचं. आजपासून कागद नाही."

तिनं त्या शब्दाकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "सरी," म्हणाली.

पण बोलली नाही. सेल म्हणजे काय, असं मी तीनदा विचारलं. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. कोणी बोलायचं ते सूचनेत लिहिलेलं नव्हतं, म्हणून मीच बोलायला लागलो. धडा आदल्या रात्री पाठ केला होता. पुस्तक मिटून सांगू लागलो, की सेलच्या मधोमध न्यूक्लियस असतो, बाहेरून पातळ पडदा असतो, त्याच्या बाहेर भिंत असते, झाडाच्या सेललाही आणि जनावराच्याही—

"नाही अप्पा," ती म्हणाली. "भिंत झाडाच्या सेलला. जनावराच्या सेलला नसते."

मी पुस्तक उघडून पाहिलं. तिचं बरोबर होतं.

"आणि न्यूक्लियस नेहमी मधोमध कोठें असतो? झाडाच्यात कडेला ढकललेला असतो. चित्र तरी पाहा."

एवढं सलग ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती. मी चुकलो की ती बोलते, हे मी टिपून ठेवलं. मुद्दाम चुकणं मला जमत नाही. तशी गरजही पडली नाही.

दोन आठवड्यांत पद्धत बसली. मी बोलायचं, तिनं चुका काढायच्या, मग तिनं बोलायचं आणि मी पुस्तकाशी ताडून पाहायचं. मायटोकाँड्रिया म्हणजे करंट ऑफिस, सगळ्यांना वीज पुरवणारं, असं तिनंच ठरवलं.

"आणि तुमच्या ऑफिसात न्यूक्लियस कोण, अप्पा?"

"मोठे साहेब."

"मग तुम्ही?"

मी विचार केला. "रायबोसोम."

"म्हणजे दिवसभर एकच काम करणारा."

"प्रोटीन तोच करतो," मी म्हटलं.

"अय्यो, राग आला!" ती म्हणाली. मला राग आला नव्हता. मला काहीच आलं नव्हतं. पण त्या दिवशी बसमध्ये मला पुन्हा एकदा रायबोसोम आठवला, हे खरं आहे.

सोशलमध्ये नद्यांचा धडा होता. भारताच्या कोऱ्या नकाशात पाच नद्या दाखवायच्या, प्रत्येकीला एक गुण. तिनं गंगा काढली, नर्मदा काढली, गोदावरी, कृष्णा. कावेरी पश्चिमेकडून आणली आणि साधारण आमच्या गावाच्या अलीकडे पेन्सिल थांबवली.

"समुद्रापर्यंत न्यायची," मी म्हटलं. "नाहीतर गुण मिळत नाही."

"उन्हाळ्यात पाणी समुद्रापर्यंत कोठें जातं?"

"पुस्तकात जातं."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मी घड्याळ पाहिलं नाही. घाटावर त्या दिवशी पाणी किती होतं ते मला आठवत होतं: वरून चौथ्या पायरीपर्यंत. ते मी बोललो. बोलायचं असं ठरलं होतं म्हणून बोललो.

"पाचव्या," ती म्हणाली. "मी मोजल्या होत्या."

घाटावर तिनंही पायऱ्या मोजल्या होत्या हे मला ठाऊक नव्हतं. मग तिनं विचारलं, घशात नळी कशास घालतात. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, क्रमानं, श्वास, प्राणवायूचे आकडे, पहिल्या दिवशी किती, तिसऱ्या दिवशी किती. मध्ये तिनं दोन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर मला येत नव्हतं, तसं सांगितलं. तिनं मान हलवली, पेन्सिल उचलली आणि कावेरी समुद्राला मिळवली. मी नकाशावर बरोबरची खूण केली.

रडणं तेव्हाही झालं नाही. ते व्हायला हवं होतं असं लोक म्हणतात. मी फक्त झालं ते लिहितो आहे.

फेब्रुवारीत फ्रिजवरचा तक्ता चार दिवस मागे पडला. मी तो दुरुस्त केला नाही. पहाटे बोलायला सुरुवात केली की धडा सुटून भलतीकडे जायचा. राज्यघटनेवरून शाळेतल्या लीडरच्या निवडणुकीवर, तिथून तिच्या मैत्रिणीच्या भांडणावर, तिथून अम्मा असती तर काय म्हणाली असती यावर. "अम्मा म्हणाली असती, आधी दात घास," मुलगी म्हणाली. एका मंगळवारी मी पुन्हा शब्द मोजायचे ठरवले आणि साडेसहाच्या सुमारास आकडा चुकला.

सोशलचा पेपर आधी झाला. बरा गेला म्हणाली. सायन्सच्या दिवशी पहाटे आम्ही शेवटची उजळणी सेलच्या धड्यावर घेतली. उजळणी लांबली, पावणेआठ वाजले. ती पायमोजे चढवत होती, तिचं पुस्तक माझ्यासमोर उघडं होतं. जी गोष्ट मी इतके दिवस विचारली नव्हती ती मी विचारली.

"तुला काय वाटतं, पेसीच्या पुढे अम्माला काय लिहायचं होतं?"

ती वाकलेलीच होती. "काही नाही."

"काही नाही कसं? अर्धा शब्द आहे."

"अर्धा नाही, अप्पा. आणि तमिळही नाही. मराठी आहे." तिनं दुसरा पायमोजा हातात घेतला. "सेलला मराठीत पेशी म्हणतात. पुण्याच्या मावशीला फोन करून विचारलं अम्मानं. मला आपले शब्द यायला हवेत म्हणून सगळ्या धड्यात लिहिणार होती. आपण शीला सीच लिहितो ना? एक शब्द लिहिला आणि कुकर वाजला. ती उठली. मग ताप आला."

मी त्या शब्दाकडे पाहिलं. तोच होता. पेशी. एका वस्तूचं नाव. त्यात मला उद्देशून काहीही नव्हतं.

"तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"लिहिलं तेव्हा मी शेजारीच बसले होते."

"मग मी दाखवलं त्या दिवशी सांगितलं कां नाहीस?"

तिनं पायमोजा घातला, बूट घातला, नाडी बांधली. सगळं नीट, सावकाश.

"तुम्ही परत कागद आणला असता."

ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग मला कळलं की ती वाट पाहते आहे. म्हणून मी विचारलं, "पेशीला भिंत कोणाच्यात असते?"

"झाडाच्यात."

"जनावराच्यात?"

"नाही. नऊ वेळा सांगितलं तुम्हाला." तिनं दप्तर उचललं. "बसला उशीर होईल तुम्हाला, चला."

त्या दिवशी माझी बस खरंच चुकली. पुढची पावणेनऊला होती. स्टँडवर बाकावर बसून राहिलो. मोजायला काही नव्हतं.

एप्रिलमध्ये शाळेनं पालकांना उत्तरपत्रिका पाहायला बोलावलं. सायन्समध्ये चौतीस, सोशलमध्ये एक्केचाळीस. मी दोन्हींची बेरीज करून पाहिली, बरोबर होती. पानं मोजली. सायन्सच्या सोळांपैकी दीड पान कोरं होतं. सोशलच्या नकाशात कावेरी समुद्रापर्यंत गेलेली होती आणि तिचा एक गुण मिळाला होता. सायन्सचा पहिला प्रश्न, सेल म्हणजे काय, याचं उत्तर तिनं इंग्रजीत पुस्तकाप्रमाणे लिहिलं होतं आणि शेवटी कंसात, तमिळ अक्षरांत, एक शब्द. शिक्षिकेनं त्याखाली लाल प्रश्नचिन्ह काढलं होतं. गुण कापले नव्हते.

वर्गशिक्षिकेनं प्रगतिपुस्तक पुढे केलं. पालकांच्या सहीच्या रकान्यात पहिल्या तिमाहीला बायकोची सही होती, सहामाहीला माझी. मी तिसरी केली.

"ट्यूशन लावलीत का, सर?"

"नाही."

"मग? एवढ्या थोड्या दिवसांत? काय केलंत काय?"

मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तमिळमध्ये मी एकट्यानं केलं असेल तर एक रूप आणि आम्ही दोघांनी केलं असेल तर दुसरं.

"पेसिनोम," मी म्हटलं. बोललो आम्ही.