मोराखालची वनिता

आता आपलीच फजिती आपल्याच तोंडानं कशी सांगावी म्हणा! पण चहा निवायच्या आत सांगून टाकतो. एक भिंत घासायला घेतली आणि चोवीस वर्षांचा संसार पणाला लावून बसलो.

झालं असं, की आमच्या सुनंदानं कारंज्याच्या बाजारातून भिंतीला चिकटवायचं स्टिकर आणलं. चांगला पुरुषभर उंचीचा मोर! जागा ठरली हॉलमध्ये, दाराच्या बाजूला. हॉल म्हणजे काय, पूर्वीचा ओटाच. पुढून ग्रिल लावली, झाला हॉल.

"मी संक्रांतीच्या हयदीकुकाले जाऊन येतो. तवर भिंत साफ करा," ती म्हणाली. "फक्त साफ करा. दुसरे उद्योग नका करू!"

ती मला पुरती ओळखून आहे.

पाकिटावर लिहिलं होतं, भिंत स्वच्छ आणि कोरडी हवी, पोपडे नकोत. मी पत्ती घेऊन खरवडायला बसलो. पिस्ता रंगाखालून आकाशी निघाला. हा कधीचा बरं? हं, मुलीच्या बारशाचा! आकाशीखाली गुलाबी. आणि गुलाबीखाली? आता तुम्हीच सांगा, इथपर्यंत आलेला माणूस थांबतो का?

ओल्या फडक्यानं खसाखसा पुसलं, तर लाल ऑइलपेंटची अक्षरं दिसली. आमच्याकडे लग्नघराच्या भिंतीवर नवरा-नवरीची नावं रंगवतात. 'चि. गजानन'. अरे, हा तर मीच! खुशीत आणखी पाणी मारलं. पुढे निघालं, 'चि. सौ. कां. वनिता'.

वनिता? ही कोण बाई?

लगेच केनवडला थोरल्या भावाला फोन लावला. "दादा, माहं लगन आधी दुसऱ्या कोणासंग जमलं होतं काय?"

"अनसिंगची एक पोरगी पाह्यली होती ना बाप्पा! बोलणं लय पुढं गेलं होतं. नाव आता कोणाले आठोते? काहून?"

"काही नाई, असंच," म्हणून फोन ठेवला.

डोक्यात लख्ख उजेड पडला! बाबांनी घाईघाईत पेंटर बोलावला असणार, मग सोयरीक मोडली, आणि वरून गुलाबी फासला. आणि माझी सुनंदा त्याच भिंतीशेजारून माप ओलांडून घरात आली! मला खरंच वाईट वाटलं. तिला कळलं तर काय वाटेल? पत्ती घेऊन ती अक्षरंच खरवडायला लागलो.

ऑइलपेंट काही केल्या निघेना. मग भिंत वाळायचीही वाट न पाहता मोर चिकटवला, बरोबर वनितावर.

सुनंदा आली. "बाई वं! काय मस्त दिसून राह्यला जी!"

तिचं बोलणं पुरं होईपर्यंत पिसारा वाकला, मग मान कलली, आणि अख्खा मोर लोळण घेत तिच्या पायाशी आला. ती भिंतीकडे बघतच राहिली. आणि मला कुठला धीर!

"हे पाह्य सुनंदा, याच्यात माही काही चुकी नाई. मले ते पोरगी पसंतच नव्हती!"

"कोणती पोरगी?"

"हेच, वनिता. दिसाले काही खास नव्हती. मी तोंडावर नाई म्हणलं!"

"असं? अजून?"

"अजून काय? तुले पाह्यलं अन् मंग मी होय म्हणलं!"

ती शांतपणे बाजेवर बसली. "माहं माहेरचं नाव काय होय जी?"

"बेबी!" मी ठणकावून सांगितलं. तिचे आईवडील, भाऊ, सगळे तिला बेबीच म्हणतात.

"ते लाडाचं. शाळेतलं?"

मी डोकं खाजवायला लागलो.

"वनिता," ती म्हणाली. "लग्नात तांदयाच्या ताटात अंगठीनं 'सुनंदा' कोणं लिवलं? तुमीच ना?"

चोवीस वर्षं जिच्या हातचं खातोय, तिचं आईबापानं ठेवलेलं नाव मला आठवलं नाही! शरमेनं मान वर होईना.

तिनं मोर उचलला, त्याची धूळ झटकली, आणि पुन्हा एकदा भिंतीवरची दोन्ही नावं नीट वाचली.

"बरं, वनिता दिसाले खास नव्हती," ती म्हणाली. "तिच्या बाजूचा हा गजानन मातर लय राजबिंडा असन, नाई?"