पी.टी.च्या सरांचा मुलगा सुमो खेळतो

सुमोच्या पहिल्याच लढतीत मी रिंगणाला नमस्कार करायला वाकलो आणि हरलो.

सुमोत दोघांचे हात जमिनीला टेकले की लढत सुरू होते. समोरचा गडी आधीच हात टेकून तयार बसला होता. मी मात्र दोन्ही हात निळ्या मॅटला लावले आणि भक्तिभावाने कपाळाकडे नेले. हात कपाळापर्यंत पोचले तेव्हा मी रिंगणाबाहेर, वॉटर कूलरच्या पायाशी होतो. आमचे कोच मिस्टर टॅन यांनी मला वरून खाली पाहिलं. "यू फायटिंग ऑर प्रेयिंग? प्रे आउटसाइड, लाह."

घरी असताना मी कधी देवापुढेही हात जोडले नव्हते. हा नमस्कार माझा नव्हताच, बाबांचा होता. मल्लखांबाला हात लावण्याआधी ते प्रत्येक पोराकडून तो करून घ्यायचे. इतकी वर्षं मी त्यांचं एकही ऐकलं नाही असं मला वाटत होतं. अंगाने ऐकलं होतं, मला पत्ता नव्हता.

बाबा चिंचवडच्या एका शाळेत पी.टी.चे सर. वेतासारखा माणूस. त्यांना मी झालो, म्हणजे वेताच्या बेटात भोपळा. आठवीत असताना त्यांनी मला सगळ्या वर्गासमोर मल्लखांबावर चढवलं. मी हातभर चढलो आणि तिथून सावकाश, पोटावर घसरत खाली आलो. वर्ग हसला. त्याचं काही वाटलं नाही, मीही हसलो असतो. पण बाबांनी मान वळवली, शिट्टी वाजवली आणि पुढच्या पोराचं नाव घेतलं. ती वळलेली मान मी पुढे कुठेकुठे घेऊन फिरलो, काय सांगू.

मग मी बंड केलं. बंड म्हणजे काय, तर त्यांची मल्लखांबाची बॅच सुटायच्या वेळी शाळेच्या फाटकासमोर उभा राहून वडापाव खायचो. सावकाश, मिरचीसकट. त्यांची पोरं मला बघून "नमस्कार दादा" म्हणायची आणि बाबा सायकलचं कुलूप काढण्यात फार वेळ लावायचे.

सिंगापूरला नोकरी लागली, वन-नॉर्थ नावाच्या भागात, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. निघालो त्या दिवशी गाडीत दोन बॅगा चढल्या, मी चढलो, गाडी एका बाजूला कलली. आई रडत होती. बाबा फाटकाशी उभे होते. एवढ्या लांब निघालेल्या मुलाला ते म्हणाले, "पोट आत."

मी काच खाली केली. "यापुढे माझं पोट मी बघीन."

ते वळले आणि जिना चढून गेले. गाडी अजून सुरूही झाली नव्हती. त्यानंतर आमचं बोलणं आईमार्फत चालायचं. "बाबा विचारतायत, सकाळी उठतोस का." "सांग, उठतो." ते तिच्या शेजारीच बसलेले असायचे, त्यांचं खाकरणं मला ऐकू यायचं.

क्लेमेंटीला मी एका फ्लॅटमध्ये खोली घेतली. खाली हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली खाण्याच्या टपऱ्या. तिथे एकदा मी जेवून उठलो आणि विचार करून परत बसलो, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा चिनी गृहस्थ माझ्याकडे टक लावून बघत होता. लोक माझ्याकडे बघतात ते मला नवं नव्हतं. कौतुकाने बघणारा पहिलाच. "यू ईट लाइक दिस एव्हरी डे?" मी कबूल केलं. "गुड," तो म्हणाला. "सॅटरडे मॉर्निंग यू फ्री?"

हेच मिस्टर टॅन. तरुणपणी जपानमध्ये नोकरीला असताना सुमो शिकलेले. कम्युनिटी हॉलमध्ये हौशी लोकांना शिकवायचे. मला वाटलं, वजन वाढवा म्हणणारा खेळ मिळाला, बाबांवर याहून मोठा सूड काय असणार. पहिल्या शनिवारी भल्या सकाळी त्यांनी आम्हाला पाय फाकवून बैठका मारायला लावल्या. मग आणखी बैठका. मग एकेक पाय वर उचलून आपटायचा आणि परत बैठका. बैठका टाळायला मी समुद्र ओलांडून आलो होतो. सोमवारी ऑफिसात मला खुर्चीवरून उठवायला दोन सहकारी लागले.

तरी जात राहिलो. का, ते नीट सांगता येत नाही. तिथे मी आत शिरलो की माणसं सरकून जागा करायची, आणि ती आदराने.

आईला एवढंच सांगितलं की शनिवारी व्यायामाला जातो. खोटं नव्हतं. पण पुढच्या फोनवर ती हळूच म्हणाली, "बाबांनी शाळेत सगळ्यांना सांगितलं बरं का. म्हणाले, उशिरा का होईना, लागला वळणाला." तेव्हापासून माझं खाल्लेलं अंगी लागेना. व्हिडिओ कॉलवर मी लॅपटॉप उंच कपाटावर ठेवायचो, म्हणजे नुसतं कपाळ दिसायचं. फेसबुकवर कोणी माझा फोटो टाकला की हातापाया पडून मी तो काढायला लावायचो. सुमोत लंगोटासारखा बांधतात तो जाड पट्टा मी हाफपँटवर बांधायचो खरा, पण फोटोत त्याने काही फरक पडत नव्हता.

आणि मग ते दोघं आले, तीन आठवड्यांसाठी. विमानतळावर बाबांनी मला पाहिलं. वरून खाली, मग खालून वर. आई म्हणाली, "हवा मानवलेली दिसतेय."

शनिवारी नेमके जपानी लोकांच्या क्लबशी मैत्रीचे सामने होते. आजारी पडायचं मी शुक्रवारीच ठरवून ठेवलं होतं. पण सकाळी दार उघडलं तर बाबा ट्रॅक पँट घालून, बुटांच्या नाड्या बांधून बसलेले. "चल, तुझा व्यायाम बघू." कितीतरी वर्षांत मला थेट बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य. मला आजारी पडता आलं नाही.

एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. "बाबा, ही थोडी कुस्तीसारखी..." "बघू ना," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. ते हसतील याची भीती नव्हती. ते मान वळवतील, याची होती.

तुम्ही जे तिकडे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, दोघांनाही विचारतो: तुम्हाला घर कुठे आहे असं वाटतं? मला आधी चिंचवडचा पत्ता आठवायचा, मग क्लेमेंटीचा. त्या दिवसापासून वाटतं, ज्या माणसाच्या नजरेला आपण भितो तो जिथे बसला असेल, तिथे घर. त्या सकाळी माझं घर कम्युनिटी हॉलमध्ये, रिंगणापासून चार हातांवर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलं होतं. शेजारच्या खुर्चीत आईने पदर तोंडावर धरला होता.

मी पट्टा बांधून बाहेर आलो. बाबांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे ते बघतायत की नाही हे मला माहीत नव्हतं. समोर चष्मा काढून आलेला एक किरकोळ जपानी अकाउंटंट, माझ्या निम्म्याने असेल. मिस्टर टॅन पुटपुटले, "स्मॉल वन, केअरफुल हां." मी काय ऐकतोय. हात टेकले आणि आठवीपासूनचा सगळा राग एकवटून मी सुटलो.

धडक बसलीच नाही. नुसतीच हवा लागली. पायाखालचं मॅट संपलं, आई "अगं बाई" म्हणाली आणि मी तसाच, सगळ्या वजनानिशी, खुर्च्यांवर कोसळत गेलो.

बाबांनी मल्लखांबाखाली उभं राहून तीस वर्षं घसरलेली पोरं झेलली आहेत. एक पाय मागे, गुडघे वाकलेले, हात पडणाऱ्याच्या काखेत. त्यांनी मला तसंच झेललं. म्हणजे झेलायला गेले, आणि मग आम्ही दोघं खुर्चीसकट आडवे झालो. मिस्टर टॅन धावले.

"बाबा, लागलं का?" मी विचारलं.

ते माझ्याखालून कोपरावर उठले, टी-शर्ट झटकला आणि अगदी जवळून माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

"सुरुवातीपासून डोळे मिटलेले होते तुझे," ते म्हणाले. "ज्याच्यावर धावून गेलास तो तिथे नव्हताच, गाढवा."