भिकाने हाक मारेपर्यंत

नाना गेले.

आज सकाळी, तिसगावला, झोपेतच. डॉक्टरांनी तपासून सांगितलं आणि धाकट्या भावाने, दत्ताने, मला फोन केला.

वडील शंभरीला टेकले होते. मनाची तयारी होती, असं वाटायचं. नव्हती.

माझी नात सई नगरला कराटे शिकते. ब्राऊन बेल्ट. रविवारी ब्लॅक बेल्टची परीक्षा.

मागच्या आठवड्यात प्रॅक्टिसमध्ये तिची लाथ जोरात बसली आणि तिची पार्टनर रिया हिचं मनगट मोडलं. सर म्हणाले, ॲक्सिडेंट आहे, तू परीक्षेला बस.

परवा तिने हे नानांना फोनवर सांगितलं; फोन स्पीकरवर होता, मी शेजारीच.

"बेल्ट म्हंजी काय गं?"

"त्याच्या रंगावरून कळतं नाना, कोण किती पुढे गेलंय."

"आन ती पोरगी काय म्हन्ती?"

सईने तिला विचारलंच नव्हतं.

मग नानांनी स्वतःची गोष्ट सांगितली. मीही ती कधी ऐकली नव्हती.

स्वातंत्र्याच्या आधीचं वर्ष. नाना गावच्या तालमीत वरच्या फळीतले. तेव्हा रंग नव्हते. श्रावणातल्या जत्रेत कुणाला कुठली कुस्ती मिळते, त्यावरून कळायचं. पोरांना रेवड्यांची, मग नारळाची, शेवटी फेट्याची. त्या वर्षी फेट्याची कुस्ती नानांना ठरली होती.

जत्रेच्या तोंडावर सरावात त्यांनी जोडीदार भिकाला आपटलं. भिकाचा गुडघा गेला.

तालमीचा रिवाज असा, की जोडीदार जायबंदी केला तर पुन्हा पहिल्यापासून. कुस्तीचा हौद खणायचा, त्यातली माती चाळायची, पाणी भरायचं. मातीत परत कधी उतरायचं, ते वस्ताद ठरवणार नाहीत. तो जोडीदार ठरवणार. त्याने येऊन हाक मारायची.

"आन न्हाई मारली तर?" नानांनी वस्तादांना विचारलं.

"तर खनत ऱ्हा."

जत्रा झाली. फेटा दुसऱ्याने नेला.

ज्वारीची पेरणी आली, भिका अजून बाजेवर. नानांनी आपले बैल नेऊन त्याचं रान पेरलं. भिका बांधावर बाज टाकून ओरडायचा, "तास वाकडं चाललंय, पैलवान!"

कुस्तीचा चकार शब्द नाही.

"रोज वाटायचं, मारतोय का न्हाई हा हाक," नाना म्हणाले.

थंडीत एकदा भिका लंगडत तालमीत आला. लंगोट लावला, हौदात उतरला.

"नान्या, ये. किती चाळशील? भाकरी थापतो का मातीची?"

"मग जिंकलात तुम्ही?" सईने विचारलं.

"कुनाला म्हाईत! त्याला उचलला, आन हळू खाली ठिवला. टाकला न्हाई. वस्ताद म्हनले, आता आलं तुला."

तेव्हापासून सई रियाला फोन करतेय. रिया उचलत नाही. सईचं रडून झालं, चिडून झालं.

"आजोबा, तिने मला हाक मारलीच नाही तर?"

नानांना विचारू, म्हणालो होतो.

अंत्यविधी आज दुपारी चारला, तिसगावला. भिकाबापू कधीच गेले, पण त्यांची मुलं येताहेत.

नाना, हात जोडतो. शांतपणे जा.

संध्याकाळी नगरला परतताना सई रियाच्या घरी उतरणार आहे. मी बाहेर गाडीत थांबणार. रविवारचं काय, ते ती बाहेर आल्यावर कळेल.